चौसष्ट पैशांचं घर

मागच्या मे महिन्यात पुण्याहून सहा-सात तरुण मुलंमुली आमच्या गावी आली होती. ओळखीतून आली होती, म्हणून आमच्याच पडवीत उतरली. सगळ्यांनी मिळून रत्नागिरी जिल्ह्यात जमीन घ्यायची, प्रत्येकाची लहान खोली, पण स्वयंपाकघर एक, विहीर एक, शेत एक, असा त्यांचा बेत होता. आमचं जुनं घर त्यांनी आतून-बाहेरून पाहिलं, फोटो काढले, आणि त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही लोक तर हे शेकडो वर्षं करत आलात. तुमचे नियम काय होते ते सांगा ना."

मी तिला पुष्कळ काही सांगितलं. पण मंडळी गेल्यावर लक्षात आलं, की मी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं इथे लिहितो आहे.

आधी सांगितलेलं अर्धं. आमचं गाव शास्त्री नदीच्या खाडीकाठी. घर चिऱ्याचं, कौलारू, पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० नंतरच्या काळात, त्या एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली होत्या. विहीर एक, रहाट एक, बैलजोडी एक, नांगर एक. भाताच्या लावणीला तिन्ही घरं एकाच मळ्यात उतरत. राबासाठी कवळ तोडायला सगळे एकत्र जात. भात झोडलं की खळ्यातच तीन वाटण्या होत. फणस कोणाच्याही दारचा असो, फोडला की गरे तिन्ही चुलींकडे जात. हापूसच्या कलमांची मात्र पाळी असे. एका वर्षी एका भावाची, पुढच्या वर्षी दुसऱ्याची. ज्याची पाळी त्यानंच त्या वर्षी राखण करायची, बुंध्याला आळं करायचं.

पावसाळ्याची बेगमी सामाईक असे. सुकट, सोडे, कुळीथ, आमसुलं माळ्यावर चढत आणि माळ्याची किल्ली दादीच्या कमरेला. गावाच्या पातळीवर हेच काम जमात करी. लग्नाच्या डेगा, पाणी तापवायचे हंडे, सतरंज्या जमातीच्या मालकीच्या. शेजारच्या वाडीतल्या हिंदू घरात लग्न असलं तरी डेग आमच्याच मशिदीतून जायची. घरात मय्यत झाली तर त्या घराची चूल पेटायची नाही, जेवण शेजारून यायचं.

हे सगळं खरं आहे, आणि मला त्याची आठवण सुखाचीच वाटते. पण हा एकोपा केवळ चांगुलपणावर उभा नव्हता. त्याच्या पायात जे चिरे होते ते नीट पाहिले पाहिजेत.

पहिला चिरा खोतीचा. रत्नागिरी जिल्ह्यात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मधला माणूस म्हणजे खोत. ब्राह्मण, मराठा, मुसलमान, सगळ्यांत खोत होते. लोकमान्य टिळकांचं घराणंही दापोली तालुक्यातल्या चिखलगावचं खोत. खोती वंशपरंपरेनं चाले, आणि वारस वाढले की तिचे हिस्से पडत. त्या हिश्श्याला तक्षीम म्हणत आणि तो आण्या-पैत मोजत. अख्खं गाव म्हणजे रुपया, कोणाचे त्यात चार आणे, कोणाचे दोन. जमीन सहसा तोडायची नाही, उत्पन्न वाटून घ्यायचं आणि वहिवाट अनेक गावांत पाळीनं करायची. १८८० चा खोती कायदा झाला तेव्हाही ही भागीदारी चालूच राहिली. आमच्या हापूसच्या कलमांची पाळी कुठून आली, ते यातून समजतं. एकत्र राहण्याची आमची सवय ही बऱ्याच अंशी एका उत्पन्नातल्या भागीदारांची सवय होती.

आणि ते उत्पन्न काढत कोण होतं? कुळं. बहुतेक कुणबी, महार, काही ठिकाणी गरीब मुसलमानसुद्धा. भाताच्या जमिनीवर अर्धेल, म्हणजे निम्मं पीक. वरकस जमिनीवर तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. शिवाय वेठ. आमच्या खळ्यात ज्या तीन वाटण्या होत असं मी वर लिहिलं, त्यांच्या आधीची एक वाटणी आमच्या आजोबांच्या काळात होत असे. तिच्याविषयी घरात कोणी बोलत नसे. पडवीत खोताच्या घरचे बसत, खळ्यात कूळ उभं राही. जी पडवी पाहून पुण्याची मुलं हरखली, तिची उंची नुसती पावसाच्या पाण्यासाठी नव्हती.

या व्यवस्थेवर घाव घातला तो याच जिल्ह्याशी नातं असलेल्या माणसानं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत स्वतंत्र मजूर पक्षाच्या झेंड्याखाली कोकणातले हजारो शेतकरी मोर्चानं मुंबईत धडकले. विधेयक तेव्हा पार पडलं नाही. खोती कायद्यानं गेली ती १९४९ मध्ये. मग कूळकायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. योगायोग असा की देशात नवे पैसे सुरू झाले तेही त्याच तारखेला. ज्या दिवशी खोताच्या हातून कुळाची जमीन गेली, त्याच दिवशी त्याचे आणेही हिशोबातून गेले.

आमच्या घरात त्या दिवसाची आठवण 'नुकसान' अशीच सांगितली जाई. मला शाळेत इतिहास शिकताना पहिल्यांदा कळलं, की आमच्या पायऱ्यांखालच्या वाडीत त्याच दिवसाची आठवण वेगळी असणार.

आता दुसरा चिरा, आणि हा माझ्या जास्त जवळचा आहे.

इस्लामी वारसा कायद्यात हिंदू एकत्र कुटुंबासारखी मालमत्ता नाही. मुलाला जन्मानं हक्क मिळत नाही. माणूस वारला त्या घडीला हिस्से ठरतात आणि ते कुरआनात सूरह निसाच्या अकराव्या-बाराव्या आयतीत स्पष्ट लिहिले आहेत. मग आमची कोकणी मुसलमानांची घरं पिढ्यान् पिढ्या न वाटता कशी राहिली?

माझे आजोबा १९६२ मध्ये वारले. मागे दादी, तीन मुलगे, दोन मुली. हिशोब करून पाहा. मुलं असताना बायकोचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन भाग तर मुलीला एक. म्हणजे सात अष्टमांशाचे आठ भाग. सगळ्याचं मिळून होतात चौसष्ट, आणि जुन्या रुपयाचेही पैसे चौसष्टच. दादीचे आठ पैसे, म्हणजे दोन आणे. प्रत्येक मुलाचे चौदा, म्हणजे साडेतीन आणे. प्रत्येक मुलीचे सात. एक पैसाही न उरता हिशोब मिटतो. जुन्या खोतांच्या घरी आण्या-पैत हिस्से मोजायची इतकी सवय होती, की हा हिशोब कोणाला जमला नसता असं म्हणता येत नाही.

पण आमच्या सातबाऱ्यावर नावं लागली तीन. तिन्ही मुलांची. फेरफाराला एक ओळ आहे, बहिणींना हिस्सा नको असल्याची. दादीच्या दोन आण्यांचा तर उल्लेखही नाही. एक छप्पर, एक विहीर, एक बैलजोडी टिकली ती अशी. बाईचे बावीस पैसे हिशोबातून वगळले म्हणून रुपया मोडला नाही.

हे आमच्याच घरात झालं असं नाही. १९३७ मध्ये, आंबेडकरांच्या विधेयकानंतर तीनच आठवड्यांनी, शरीयत कायदा मंजूर झाला. रूढीनं बाईचा हक्क बुडतो तो बुडू नये, हा त्याचा एक हेतू होता. पण त्यातून शेतजमीन वगळलेली होती. जिथे खरी मालमत्ता होती, तेच दार कायद्यानं उघडं सोडलं. हिंदू शेजाऱ्यांकडेही वेगळं चित्र नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, तरी बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायला भाऊ जातातच. वाटेत पेढ्यांचा पुडा घेतात. या बाबतीत आमच्या गावात दोन धर्म नाहीत.

बहिणी का सोडतात? माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. आणि ते दार उघडं कोण ठेवत होतं, तेही पाहा. कोकणी मुसलमान पुरुष घरी कधी होता? तो बोटीवर होता, मुंबईत जमातीच्या खोलीत होता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला होता, १९७० नंतर कुवेतला आणि सौदीला होता. मनीऑर्डर यायची पुरुषाच्या नावानं, पण लावणी, गुरं, विहिरीचा गाळ, आजारपण आणि बाळंतपण बायका करत. ज्या सामाईक जगण्याचं आपण कौतुक करतो, ते रोजच्या रोज चालवणाऱ्यांचं नाव कागदावर नव्हतं.

मग आखाती पैसा आला. तीन चुलींची तीन स्लॅबची घरं झाली, प्रत्येकाची बोअरवेल वेगळी. जुनं घर पावसात एका बाजूनं बसत चाललं आहे. या वर्षी त्याला आणि मागच्या आवाराला गिऱ्हाईक आलं. चुलतभाऊ म्हणाले, "धाकट्या फुफीचा अंगठा तेवढा घेऊन ये, म्हणजे पुढे कटकट नको. तुझं ती ऐकते." थोरली फुफी आता नाही. धाकटी ऐंशीच्या पुढे आहे.

मी गेलो. कागद पुढे ठेवण्याआधी तिला चौसष्ट पैशांचा हिशोब सांगितला, बोटांवर मोजून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सात पैसे? मला वाटायचं, मुलीला भाऊ देतील ते. ठरलेलं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही." मी विचारलं, १९६२ मध्ये तलाठ्यापुढे जबाब दिला होतास का? तिला आठवत नव्हतं. त्या वर्षी ती सासरी पहिल्या बाळंतपणात होती.

थोड्या वेळानं म्हणाली, "आधी माझं नाव लाव. मग सोडायचं की ठेवायचं ते मी बघेन."

आता मी तेच करतो आहे. वारसनोंदीचा अर्ज दिला आहे आणि त्यात दादीचे दोन आणे आणि थोरल्या फुफीच्या मुलांचा हिस्साही लिहिला आहे. गिऱ्हाईक थांबेल असं वाटत नाही. चुलतभावांपैकी एकानं ईदला हात मिळवला, पण घरी ये म्हणाला नाही. मला त्याचं वाईट वाटतं. आम्ही एका विहिरीचं पाणी प्यायलेले.

पुण्याच्या त्या मुलीला मी आता फोन करणार आहे. तिला सांगेन, की फणस वाटून खा, विहीर एकच ठेवा, लावणीला सगळे उतरा, आमच्याकडचं हे सगळं घेण्यासारखं आहे. पण एक चूल मांडण्याआधी एक कागद करा. त्यात प्रत्येकाचा हिस्सा लिहा, शेतात मजुरीला येणाऱ्या बाईचा मेहनताना लिहा, आणि कोणी सोडून जायचं म्हटलं तर तिला काय मिळेल तेही लिहा. आमच्या घरात हा कागद साठ वर्षं उशिरा होतो आहे.