एका फोटोची साक्ष : राइट बंधू आणि शिवकर तळपदे

ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी असलेल्या या आळे गावात विमानांच्या जुन्या फोटोंवर बोलायचं, तर आधी एक फरक सांगायला हवा. समाधीपुढे आपण हात जोडतो, तेव्हा कुणी पुरावा मागत नाही. ती श्रद्धेची जागा आहे. पण ‘अमुक साली अमुक माणसानं विमान उडवलं’ असं म्हटलं, की तो इतिहास झाला. तिथं पुरावा मागणं हा कुणाचा अपमान नव्हे.

आता पडद्यावरचा हा फोटो पाहू. १७ डिसेंबर १९०३, अमेरिकेतला किटी हॉकजवळचा वाळूचा किनारा. विमान रुळावरून नुकतंच उचललं गेलंय. आत ऑरव्हिल पालथा झोपलाय, उजवीकडे विल्बर धावताना दिसतो. कॅमेरा ऑरव्हिलनंच तिकाटण्यावर लावून ठेवला होता. रबरी फुगा दाबला तो जॉन डॅनियल्सनं. तो किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यातला माणूस. हे पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्याच दिवशीचं चौथं ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं.

पण नुसत्या फोटोनं काय सिद्ध होतं? वारा आला आणि यंत्र उचललं गेलं, असंही कुणी म्हणेल. म्हणून फोटोशेजारी ऑरव्हिलची रोजनिशी ठेवायची, वडिलांना केलेली तार ठेवायची, पाच साक्षीदार ठेवायचे. तरीही अनेकांचा विश्वास बसला तो १९०८ साली, विल्बरनं फ्रान्समध्ये लोकांसमोर विमान उडवून दाखवलं तेव्हा. म्हणजे फोटो हा एकटा साक्षीदार. त्याची जबानी इतरांशी जुळावी लागते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. सयाजीराव महाराज आणि न्यायमूर्ती रानडे तिथं हजर होते, असंही सांगतात. तळपदे होते, त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, याबद्दल वाद नाही. पण त्या उड्डाणाचा फोटो नाही, आणि फोटोची उणीव भरून काढील असा त्या काळचा विश्वासार्ह कागदही समोर आलेला नाही.

मग मोबाईलवर ‘तळपद्यांचं विमान’ म्हणून जी चित्रं फिरतात ती कुठली? त्यांतली बरीचशी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली आहेत. ती १९२३ साली बंगळुरात काढली गेली, म्हणजे तळपद्यांच्या निधनानंतर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली हा ग्रंथ तपासला. तो विसाव्या शतकातलाच आहे आणि त्यातली यंत्रं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत गुस्ताव्ह व्हाइटहेडनं १९०१ सालीच उड्डाण केलं असा दावा आहे. तिथंही उडतानाचा खात्रीचा फोटो नाही, आणि तिथंही अभिमान पुराव्याच्या पुढे धावतो.

आम्हाला वाटतं, यात खरा अन्याय होतो तो तळपद्यांवरच. साधनं नसताना त्या माणसानं एवढं मोठं स्वप्न पाहिलं, हे केवढं तरी आहे. खोटी चित्रं चिकटवून आपण त्यांचं खरं आयुष्य झाकून टाकतो. उद्या कुणी ती चित्रं खोटी ठरवली, की लोक तळपद्यांनाही खोटं ठरवून मोकळे होतात.

जाता जाता एक विनंती. आपल्या घरांतल्या ट्रंकांत जुने फोटो पडलेत. जुन्नर-आंबेगावातून मुंबईला कामाला गेलेले आजोबा, पहिली मोटार, पहिलं इंजिन. आज रात्री घरातल्या जाणत्या माणसाला विचारा आणि मागे शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहून ठेवा: कोण, कुठं, कधी. ते सांगणारं माणूस गेलं, की फोटो मुका होतो. मग त्याच्या तोंडी कुणीही काहीही घालू शकतं.