वाळवंटी शहरातील पाणीपट्टी आणि नागरिकांचा रोष : टूसॉन शहराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पाणी ही निसर्गाची देणगी असली, तरी नळाला येणारे पाणी ही देणगी नसते. ते उपसावे लागते, वाहून आणावे लागते, शुद्ध करावे लागते आणि या प्रत्येक क्रियेला खर्च येतो. हा खर्च कोणी, किती आणि कोणत्या न्यायाने सोसावा, हा प्रश्न वरकरणी जमाखर्चाचा वाटतो. प्रत्यक्षात तो राज्यशास्त्राचा आणि इतिहासाचाही आहे. पाण्याची टंचाई जेथे कायमची आहे अशा वाळवंटी शहरांत तो अधिक तीव्रतेने उभा राहतो. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील टूसॉन हे अशा शहरांपैकी एक. १९७६ मध्ये तेथील शहर परिषदेने पाणीपट्टीत मोठी वाढ केली आणि अवघ्या काही महिन्यांत मतदारांनी दरवाढीच्या समर्थक नगरसेवकांना मुदत संपण्यापूर्वीच घरी पाठविले. या घटनेचा, तिच्या कारणांचा आणि पुढील अर्धशतकावरील तिच्या परिणामांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) टूसॉनमधील १९७६ च्या दरवाढीची पार्श्वभूमी स्पष्ट करणे. २) नागरिकांच्या रोषाचे नेमके स्वरूप तपासणे. ३) सत्तांतरानंतर धोरणात काय बदलले व काय कायम राहिले, याचे मूल्यमापन करणे.

वाळवंटातील नागरिक पाणीबचतीच्या विरोधात असतात, म्हणून ते शुल्काला विरोध करतात, असा एक समज आढळतो. टूसॉनचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे. त्यासाठी दुय्यम साधनांच्या आधारे वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

भूजलावर उभे राहिलेले शहर :

टूसॉन सोनोरन वाळवंटात वसले आहे. येथे वर्षाला सरासरी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. सांता क्रुझ नदीच्या काठी मूळ रहिवाशांनी कालवे काढून शेती केल्याचे पुरावे फार प्राचीन आहेत. १७७५ मध्ये स्पॅनिश सत्तेने येथे लष्करी ठाणे उभारले. १८५४ च्या गॅड्सडेन खरेदीने हा प्रदेश अमेरिकेकडे आला आणि १८८० मध्ये रेल्वे पोहोचली. १९०० मध्ये शहराने खासगी पाणी कंपनी विकत घेतली. तेव्हापासून पाणीपुरवठा हा नगरशासनाचा विषय झाला, म्हणजेच पाण्याचा दर हा निवडणुकीचा विषय होण्याची शक्यता तेव्हाच निर्माण झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहर झपाट्याने वाढले. १९५० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४५ हजार होती. हद्दवाढीमुळे १९६० मध्ये ती २ लाख १२ हजारांवर गेली आणि १९७० मध्ये २ लाख ६२ हजारांच्या पुढे. सांता क्रुझचा बारमाही प्रवाह तोपर्यंत लोपला होता. शहराची सगळी भिस्त विहिरींवर होती. पावसाने होणाऱ्या पुनर्भरणापेक्षा उपसा कितीतरी अधिक असल्याने काही भागांत भूजलाची पातळी सुमारे २०० फुटांपर्यंत खाली गेली. पातळी जितकी खाली जाते, तितका उपशाचा वीजखर्च वाढतो. पाणी अदृश्य असल्याने ही घट मात्र सामान्य नागरिकाला दिसत नव्हती.

शहराने पश्चिमेकडील अ‍ॅव्हरा खोऱ्यातून पाणी आणण्याचे ठरविले, तेव्हा कायद्याचा अडसर आला. जार्व्हिस खटल्यातील १९६९ व १९७० च्या निर्णयांत अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने या वाहतुकीवर मर्यादा घातली आणि तेथील शेतजमीन विकत घेऊन लागवड थांबविल्यास तिचे पाणी नेण्याची वाट मोकळी ठेवली. त्यामुळे शहराला पाण्यासाठी शेती विकत घ्यावी लागली. कोलोरॅडो नदीचे पाणी आणणाऱ्या ‘सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रकल्पा’ला १९६८ मध्ये संघीय मंजुरी मिळाली होती, परंतु ते पाणी टूसॉनला पोहोचण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागणार होता. वाढती मागणी, खोल जाणाऱ्या विहिरी, जमिनीची खरेदी आणि नव्या वसाहतींपर्यंत न्यावयाच्या जलवाहिन्या या सर्वांचा भार पाणीपुरवठा विभागाच्या तिजोरीवर पडला.

१९७६ ची दरवाढ :

१९७० च्या दशकाच्या मध्यास शहर परिषदेत एक नवे बहुमत आले. शहराच्या अनिर्बंध विस्ताराला आवर घालावा आणि सेवेचा खरा खर्च ज्याचा त्याने द्यावा, अशी या सदस्यांची भूमिका होती. त्यांनी १९७६ च्या उन्हाळ्यात नवे दर लागू केले. त्यांत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली, वापर वाढेल तसा प्रतिएकक दर वाढत जाणारी टप्प्यांची दरपद्धती. दुसरी, उंचीनुसार आकारावयाचे उपसा शुल्क. टूसॉनच्या उत्तरेस सांता कॅटालिना पर्वताच्या पायथ्याशी सधन वर्गाच्या वसाहती वाढल्या होत्या. तेथे पाणी चढवून न्यावे लागे. म्हणून जितकी उंची अधिक तितके शुल्क अधिक, असे हे तत्त्व होते.

अर्थशास्त्राच्या कसोटीवर या तत्त्वात दोष काढणे कठीण आहे. सखल भागातील साध्या घरात राहणाऱ्या ग्राहकाने उंचावरील बागांच्या पाण्याचा वीजखर्च का उचलावा, हा प्रश्न रास्तच होता. तथापि, वाढीव देयके हाती पडली ती ऐन जुलै महिन्यात. वाळवंटी शहरात याच काळात बागा, हिरवळी आणि पाण्यावर चालणारे वातशीतक यांमुळे पाण्याचा वापर वर्षातील सर्वाधिक असतो. दर वाढले, वापर वाढलेला होता आणि वरच्या टप्प्यांचे दर त्यात मिसळले. या तिन्हींचा एकत्रित परिणाम म्हणून अनेक घरांचे देयक पूर्वीच्या कितीतरी पट झाले. शांतपणे विचार करण्यास फारसा अवधी मिळण्यापूर्वीच रोष संघटित झाला.

रोषाचे स्वरूप :

या रोषाचे तीन पदर दिसतात. पहिला पदर अनपेक्षिततेचा होता. देयक हा नागरिक आणि शासन यांच्यातील सर्वांत नियमित पत्रव्यवहार असतो. तो एका महिन्यात ओळखू न येण्याइतका बदलला, तर त्यामागील कारण कितीही सबळ असले तरी पटत नाही.

दुसरा पदर प्रतिनिधित्वाचा होता. शहराच्या जलवाहिन्या शहराच्या हद्दीबाहेरही गेल्या होत्या. पायथ्याच्या अनेक वसाहती पिमा काउंटीच्या क्षेत्रात होत्या. तेथील ग्राहक शहराचे पाणी घेत, शहराने ठरविलेला दर देत. पण शहर परिषदेच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते. ज्यांच्यावर उंचीच्या शुल्काचा भार सर्वांत जास्त पडला, त्यांपैकी अनेकांना मतपेटीतून तो नाकारण्याची सोयच नव्हती.

तिसरा पदर सर्वांत खोल होता. तो म्हणजे बचतीच्या हेतूविषयीचा संशय. आपण वाचविलेले पाणी जमिनीतच राहणार, की उद्याच्या नव्या वसाहतीला जाणार? विस्ताराच्या समर्थकांना हे दर म्हणजे शहराची वाढ रोखण्याचे छुपे साधन वाटले. तर जुन्या रहिवाशांच्या दृष्टीने नव्या वाढीचा खर्च त्यांच्याकडून वसूल होत होता. परस्परविरोधी हेतूंनी का होईना, दोन्ही पक्ष एकाच देयकाच्या विरोधात उभे राहिले. दरवाढीच्या समर्थकांना मात्र संघटित पाठीराखे मिळाले नाहीत; कारण ज्यांना या न्यायाचा लाभ होणार होता, त्या सखल भागातील ग्राहकांचे देयकही वाढलेलेच होते.

परत बोलावण्याचा अधिकार आणि त्यानंतर :

लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याचा अधिकार हा अ‍ॅरिझोनाच्या राजकीय परंपरेचा जिव्हाळ्याचा भाग आहे. प्रस्तावित राज्यघटनेत न्यायाधीशांनाही परत बोलावण्याची तरतूद असल्याने राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी १९११ मध्ये राज्याचा दर्जा नाकारला होता. ती तरतूद वगळून १४ फेब्रुवारी १९१२ रोजी राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी मतदारांनी ती पुन्हा घटनेत समाविष्ट केली. टूसॉनच्या नागरिकांनी हेच शस्त्र वापरले. जानेवारी १९७७ मध्ये मतदान होऊन परिषदेतील बहुमत बदलले. उंचीनुसार शुल्क रद्द झाले.

येथपर्यंतची कथा ‘जनतेने दरवाढ उलथवली’ अशी सांगता येईल. परंतु पुढील घटनाक्रम तसे म्हणू देत नाही. रोषाच्या लाटेवर आलेल्या नव्या परिषदेने हिशेब तपासले, तेव्हा तिलाही तीच तूट, त्याच खोल विहिरी आणि तीच मागणी दिसली. वाढत्या टप्प्यांची पद्धती कायम राहिली आणि दरही पुढे वाढतच गेले. मार्टिन, इन्ग्राम, लेनी व ग्रिफिन या अभ्यासकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सेव्हिंग वॉटर इन अ डेझर्ट सिटी’ या ग्रंथात या प्रसंगाचा सविस्तर मागोवा घेतला आहे.

मग बदलले काय? बदलली ती मांडणी आणि सहभागाची रीत. १९७७ च्या उन्हाळ्यात शहराने ‘बीट द पीक’ ही मोहीम सुरू केली. दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेत बागेला पाणी घालू नये आणि एक दिवसाआड घालावे, एवढेच तिचे आवाहन होते. बदकाच्या रूपातील एक गमतीदार बोधचिन्ह घराघरांत पोहोचले. मोहिमेचा मूळ हेतू भूजल राखण्याचा नव्हता. उन्हाळ्यातील कमाल दैनिक मागणी कमी करून नव्या विहिरी, पंप व साठवण टाक्या यांचा भांडवली खर्च पुढे ढकलण्याचा होता. हा हेतू नागरिकांना समजेल अशा शब्दांत सांगितला गेला : आज थोडे थांबा, म्हणजे उद्याचे देयक कमी वाढेल. त्याच वर्षी पाणीपुरवठ्याच्या योजना व दर यांवर सल्ला देणारी नागरिकांची समितीही स्थापन करण्यात आली. कमाल मागणी ठळकपणे घटली. त्यात आवाहनाचा वाटा किती आणि वाढलेल्या दराचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. श्रेय मात्र आवाहनाला मिळाले आणि दर पार्श्वभूमीला गेले.

पुढील अर्धशतक :

१९८० मध्ये राज्यपाल ब्रूस बॅबिट यांच्या काळात अ‍ॅरिझोनाचा भूजल व्यवस्थापन कायदा झाला. टूसॉन परिसरात २०२५ पर्यंत उपसा व पुनर्भरण यांचा समतोल साधण्याचे उद्दिष्ट त्याने घालून दिले. १९९२ मध्ये कोलोरॅडोचे पाणी शहरात आले. परंतु जुन्या नळांतील गंज सुटून ते तांबूस झाले, घरगुती नळकामाचे नुकसान झाले आणि १९९४ मध्ये थेट पुरवठा थांबवावा लागला. १९९५ मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन २००’ संमत करून अशा थेट पुरवठ्यावर निर्बंध घातले. अखेर हे पाणी अ‍ॅव्हरा खोऱ्यात जमिनीत मुरवून, भूजलाशी मिसळून पुन्हा उपसण्याची व्यवस्था २००१ पासून कार्यान्वित झाली. एकेकाळी शेती विकत घेऊन मिळविलेली जमीन अशी उपयोगी पडली.

येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. कोलोरॅडोचे पाणी टूसॉनपर्यंत येताना सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून आणि सुमारे २,९०० फूट उंची चढून येते. १९७६ मध्ये पायथ्याच्या काहीशे फुटांच्या चढणीचा खर्च वेगळा मोजणे शहराला असह्य वाटले. पुढे संपूर्ण शहराचे पाणी त्याहून कितीतरी अधिक चढू लागले आणि तो खर्च सर्वांच्या देयकात विरघळून गेला.

२००८ च्या सुमारास बचतीच्या योजनांसाठी पाण्याच्या प्रत्येक एककामागे काही सेंटचे स्वतंत्र संवर्धन शुल्क देयकात दाखविले जाऊ लागले. कमी पाण्याच्या शौचकूपांसाठी व पर्जन्यसंकलनासाठी अनुदान, असा त्याचा विनियोग राहिला. या शुल्कावरून १९७७ सारखा उद्रेक झाला नाही. रक्कम लहान होती आणि ती कोठे जाते हे दिसत होते. मात्र २०२१ मध्ये हद्दीबाहेरील ग्राहकांना अधिक दर लावण्याचा निर्णय झाला, तेव्हा पिमा काउंटीने दावा दाखल केला आणि २०२३ मध्ये न्यायालयाचा निकाल शहराच्या विरोधात गेला. मत नसलेल्या ग्राहकाचा जुना प्रश्न या वेळी न्यायालयाच्या दारी गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘प्रोजेक्ट ब्लू’ या विशाल डेटा केंद्राचा प्रस्ताव शहर परिषदेने एकमताने फेटाळला. त्यावरील जनविरोधात पाणी हा प्रमुख मुद्दा होता. बचत कोणासाठी, हा संशय पन्नास वर्षांनंतरही जिवंत आहे.

मूल्यमापन :

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी टूसॉनमध्ये दरडोई दैनिक वापर सुमारे २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर होता. नंतरच्या काळात तो लक्षणीय घटला. लोकसंख्येत मोठी भर पडूनही शहराचा एकूण पाणीवापर १९८० च्या दशकाच्या मध्याइतकाच राहिला. घरासमोरील हिरवळ काढून तेथे खडी आणि निवडुंग लावणारे हे नागरिक बचतविरोधी होते, असे म्हणता येणार नाही. त्यांची नाराजी बचतीवर नव्हती, तर खर्चाची वाटणी ज्या रीतीने झाली त्यावर होती.

तरीही १९७७ चा प्रसंग केवळ ‘संवादाच्या विजया’ची गोष्ट म्हणून वाचणे अपुरे ठरेल. त्यात एक गोष्ट हरवली. उंचावर राहणाऱ्याने उंचीचा खर्च द्यावा, हे न्यायाचे तत्त्व पराभूत झाले आणि त्याच्या जागी सर्वांनी मिळून थोडे थोडे वाचवावे, हे सौम्य आवाहन आले. दुसरे लोकप्रिय झाले, कारण ते कोणालाच वेगळे काढून खर्च विचारत नव्हते. लोकानुनय आणि लोकमान्यता यांतील सीमारेषा येथे पुसट होते.

निष्कर्ष :

१) टूसॉनमधील रोष पाणीबचतीविरुद्ध नव्हता, आकस्मिकता, प्रतिनिधित्वाचा अभाव आणि बचतीच्या लाभार्थ्यांविषयीचा संशय ही त्याची कारणे होती.

२) मतदारांनी नगरसेवक बदलले, पण भूजलाची पातळी बदलली नाही. त्यामुळे नव्या सत्तेलाही जुन्या धोरणाचा मुख्य भाग स्वीकारावा लागला.

३) शुल्काचा हेतू व विनियोग स्पष्ट असल्यास आणि निर्णयप्रक्रियेत नागरिकांना स्थान असल्यास पाणीबचतीच्या शुल्काला होणारा विरोध सौम्य राहतो.

४) स्वेच्छेच्या आवाहनाने दरातील विषमतेचा प्रश्न सुटत नाही, तो केवळ पुढे ढकलला जातो. २०२१ नंतरचा वाद हे त्याचेच द्योतक होय.

पाण्याचे देयक हा एक लहानसा कागद असतो. परंतु शहर आपला खर्च कोणाच्या खांद्यावर ठेवते, याची ती दरमहा होणारी लेखी कबुली असते. नगरइतिहासाच्या अभ्यासकाने त्या कागदाकडे दुर्लक्ष करू नये.