तलवारबाजीत महिला आणि पुरुष एकमेकांविरुद्ध का खेळत नाहीत?

1938 साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पुरुषांची एक तलवारबाजी स्पर्धा झाली. ती जिंकली एका महिलेने. हेलेन मायर हे त्यांचं नाव.

मायर काही नवख्या नव्हत्या. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये वयाच्या 17 व्या वर्षी त्यांनी जर्मनीसाठी सुवर्णपदक जिंकलं होतं. वडील ज्यू असल्यामुळे हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये त्यांच्याच गावच्या क्लबने त्यांना काढून टाकलं. त्या अमेरिकेत राहिल्या, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पुन्हा जर्मनीकडूनच खेळल्या आणि रौप्यपदक घेऊन अमेरिकेत परतल्या.

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या विजयानंतर अमेरिकेतल्या तलवारबाजी संघटनेने महिला विरुद्ध पुरुष अशा लढतींवर बंदी घातली. कारण काय दिलं? या खेळात शारीरिक संपर्क येतो आणि समोर बाई असेल, तर सभ्य पुरुषाला पूर्ण ताकदीने खेळणं जड जातं. म्हणजे पुरुष हरला तो सभ्यपणामुळे!

आज ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांमध्ये महिला आणि पुरुषांचे गट वेगळेच असतात. पण त्यामागची कारणं 1938 पेक्षा बरीच वेगळी आहेत.

तलवार एकच, नियमही एकच

गोळाफेकीत पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा आणि महिलांचा 4 किलोचा असतो. व्हॉलीबॉलमध्ये जाळीची उंची बदलते. तलवारबाजीत असं काहीच नाही.

या खेळात तीन शस्त्रं आहेत. फॉईल आणि सेबर यांचं वजन जास्तीत जास्त 500 ग्रॅम, तर एपेचं (आपल्याकडचे खेळाडू याला ईपी म्हणतात) 770 ग्रॅम. मर्यादा दोघांना सारखीच. प्राथमिक फेरीत 5 गुणांची आणि बाद फेरीत 15 गुणांची लढत, हेही सारखंच.

गुण मिळण्यासाठी जोरात मारावं लागत नाही. फॉईलच्या टोकावर 500 ग्रॅम आणि एपेच्या टोकावर 750 ग्रॅम दाब पडला की यंत्राचा दिवा लागतो. सेबरमध्ये तर पातं नुसतं लागलं तरी पुरतं. तलवार कुणाच्या हातात आहे, हे त्या दिव्याला कळत नाही.

म्हणूनच जगभरातल्या क्लबमध्ये सराव एकत्रच चालतो. मुलगी मुलाविरुद्ध खेळते, पन्नाशीतले गृहस्थ शाळकरी मुलीकडून हरतात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

मग फरक कुठे पडतो?

हातापायांच्या लांबीत आणि पायांच्या ताकदीत.

एपेमध्ये डोक्यापासून पायापर्यंत कुठेही स्पर्श चालतो आणि जो आधी टोचेल त्याला गुण. दोघांनी जवळपास एकाच क्षणी टोचलं, तर दोघांनाही. अशा खेळात ज्याचा हात लांब, त्याला प्रतिस्पर्ध्याच्या आवाक्याबाहेर राहून टोचता येतं. सेबरमध्ये लढत इतकी वेगवान असते की सुरुवातीच्या दोन-तीन पावलांतच बरंच काही ठरतं, म्हणजे पायांतला जोर महत्त्वाचा. फॉईलमध्ये फक्त धडावर स्पर्श चालतो आणि दोघांचे दिवे लागले, तर हल्ल्याचा हक्क कुणाचा होता ते पंच ठरवतात. इथे अचूक वेळ साधण्याला आणि समोरच्याला फसवण्याला जास्त किंमत येते. मायर यांचं शस्त्र फॉईलच होतं.

क्लबच्या पातळीवर अनुभव या फरकावर सहज मात करतो. दहा वर्षं खेळलेली महिला दोन वर्षं खेळलेल्या धिप्पाड पुरुषाला खेळवत राहते. पण जागतिक पातळीवर दोन्हीकडे कौशल्य तोडीस तोड असतं, तेव्हा उंची आणि वेग हिशेबात येतातच.

छातीच्या कवचाचाही एक मुद्दा आहे. महिलांना कडक कवच सक्तीचं असतं, पुरुषांना नसतं. फॉईलचं टोक गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरतं आणि दिवा लागत नाही, अशी तक्रार होती. त्यामुळे फॉईलसाठी कवचाला बाहेरून मऊ थर असावा, असा नियम करण्यात आला.

वेगळा गट मिळायलाच किती वर्षं लागली

पुरुषांची तलवारबाजी 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. महिलांना प्रवेश मिळाला 1924 मध्ये, तोही फक्त फॉईलमध्ये. फॉईलची सांघिक स्पर्धा 1960 मध्ये आली. एपेसाठी 1996 उजाडलं. फ्रान्सच्या लॉरा फ्लेसेल पहिल्या विजेत्या ठरल्या. सेबर तर थेट 2004 मध्ये, म्हणजे पुरुषांनंतर 108 वर्षांनी.

चेन्नईच्या भवानी देवी याच सेबरच्या खेळाडू. टोकियोमध्ये ऑलिंपिकला उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज. पहिली लढत त्यांनी 15-3 अशी जिंकली, दुसरीत फ्रान्सच्या मानों ब्रुने यांच्याकडून 7-15 अशा हरल्या. 2023 मध्ये त्यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. महिलांच्या सेबरला ऑलिंपिकमध्ये वेगळी जागा मिळाली नसती, तर टोकियोत त्यांना उतरता आलं असतं का, हा प्रश्न एकच खुला गट ठेवा म्हणणाऱ्यांना विचारायलाच हवा.

'मिश्र' म्हणजे समोरासमोर नव्हे

2010 मध्ये सिंगापूरला झालेल्या पहिल्या युवा ऑलिंपिकमध्ये खंडांच्या मिश्र संघांची स्पर्धा होती. प्रत्येक शस्त्राचा एक मुलगा आणि एक मुलगी, असा सहा जणांचा संघ. मात्र त्यातही मुली मुलींशी आणि मुलं मुलांशीच लढले. एकत्र झाले ते फक्त त्यांचे गुण.

समोरासमोरच्या लढती पाहायच्या तर स्थानिक स्पर्धांकडे वळावं लागतं. मायर यांच्यावर बंदी घालणाऱ्या अमेरिकेतच आज अशा खुल्या मिश्र स्पर्धा सर्रास होतात. बऱ्याचदा कारण अगदी साधं असतं: छोट्या शहरात दोन वेगळे गट भरतील एवढे खेळाडूच नसतात. युरोपची जुनी युद्धविद्या जपणाऱ्यांच्या लांब तलवारीच्या स्पर्धांमध्येही खुला गट आणि महिलांचा गट असे दोन्ही ठेवण्याची पद्धत आहे. तिथे महिलांना दोन्हीकडे नाव देता येतं, पुरुषांना एकाच गटात.