यमुनेचे सरकलेले पात्र आणि दिल्लीची कावीळ (१९५५-५६)

डिसेंबर १९५५ च्या आरंभी दिल्लीत काविळीचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. महिनाअखेरीस साथ शिगेला पोहोचली आणि जानेवारी १९५६ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती जवळजवळ ओसरलीही. सात आठवड्यांच्या या काळात सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाल्याचा अंदाज पुढे मांडण्यात आला. डोळे पिवळे न होता आजारी पडलेले लोक यात धरलेले नाहीत. १९५१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या साडेसतरा लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. वैद्यकाच्या इतिहासात ही साथ सुपरिचित आहे. यकृतदाहावरील पाठ्यग्रंथांत तिचा उल्लेख हटकून सापडतो. नदीच्या इतिहासात मात्र तिला फारशी जागा मिळालेली नाही. वास्तविक या घटनेचा आरंभ रुग्णालयात झाला नव्हता. तो यमुनेच्या पात्रात, वजिराबाद येथे झाला होता.

दिल्लीला नळाने पाणी मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. यमुनेचे पाणी शहराच्या उत्तरेस उपसून चंद्रावळच्या केंद्रात आणायचे, तेथे ते निवळून, गाळून शहरात सोडायचे, अशी ही योजना होती. १९५५ मध्ये उपशाचे ठिकाण वजिराबादला, नदीच्या पश्चिम तीरावर होते. त्याच तीरावर, प्रवाहाच्या दिशेने थोडे खाली, नजफगढचा नाला यमुनेला मिळतो. आज ‘नाला’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रवाह मुळात अरवलीतून येणाऱ्या साहिबी नदीचे पाणी वाहून नेणारा मार्ग होता. पुढे शहराचे मैलापाणी त्याच्या वाट्याला आले. उपसा वर आणि नाल्याचे मुख खाली, ही मांडणी कागदावर निर्दोष होती. नदी नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिशेने वाहत राहील, एवढे एकच गृहीतक तिच्यामागे होते.

गाळाच्या मैदानातील नद्या असे गृहीतक फार काळ टिकू देत नाहीत. यमुनेचे बहुतांश पाणी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत वाहून जाते. उरलेल्या काळातील पाण्याचा मोठा हिस्सा त्या वेळी ताजेवाला येथे पूर्व आणि पश्चिम यमुना कालव्यांत वळवला जात असे. त्यामुळे हिवाळ्यात दिल्लीपाशी रुंद वाळवंट आणि त्यातून वाट काढणारी क्षीण धार एवढेच नदीचे रूप उरे. ही धार पात्रात कोठून वाहील हे दर पुरानंतर नव्याने ठरे. ऑक्टोबर १९५५ च्या आरंभी पंजाब आणि यमुनेचे वरचे खोरे यांत मोठे पूर आले. पूर ओसरला तेव्हा मुख्य धार पूर्वेकडे सरकली होती आणि वजिराबादच्या उपशापुढे जवळजवळ साचलेले, मंद पाणी उरले होते. पंपांची ओढ चालूच होती. समोरून नदीचे पाणी पुरेसे येईना, तेव्हा खालच्या अंगाचे, नाल्याच्या मुखाकडील पाणी उलट दिशेने उपशाकडे सरकू लागले. पुढील तपासात या दूषणाचा मुख्य काळ ११ ते १७ नोव्हेंबर असा ठरवण्यात आला. म्हणजे सुमारे आठवडाभर राजधानीच्या पिण्याच्या पाण्यात तिचेच मैलापाणी मिसळत होते.

केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या हे लक्षात आले नाही असे म्हणता येत नाही. आलेले पाणी बिघडलेले आहे हे त्यांना दिसले आणि त्यांनी तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढवली. त्या काळातील जलशुद्धीकरणाच्या ज्ञानानुसार हा उपाय योग्यच होता आणि एका अर्थाने तो यशस्वीही झाला. मैलापाणी प्यायलेल्या शहरात विषमज्वर आणि आमांश यांचा उद्रेक व्हायला हवा होता. तो झाला नाही. या दोन रोगांच्या प्रमाणात लक्षणीय वाढ आढळली नाही. काही आठवडे सारे काही सुरळीत आहे असेच वाटले असणार. त्यानंतर कावीळ आली.

या प्रकरणाचा खरा पेच येथे आहे. त्याच पाण्यातले जिवाणू मेले आणि विषाणू वाचले. हे कसे घडले याचे उत्तर शोधण्यासाठी ‘शुद्ध पाणी’ या कल्पनेला तोवर कोणता अर्थ प्राप्त झाला होता हे पाहावे लागते.

भारतीय परंपरेत पाण्याची परीक्षा रंग, वास, चव आणि निर्मळपणा यांवरून होत असे. कतक, म्हणजे मराठीतील निवळी, हिच्या बियांनी गढूळ पाणी निवळण्याचा उपाय आयुर्वेदाला ठाऊक होता. ‘निवळणे’ हे मराठी क्रियापद तुरटीच्या कामाचे अचूक वर्णन करते: गाळ खाली बसतो, पाणी वर स्वच्छ दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगजंतूंचा सिद्धान्त मान्य झाला आणि निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी हे समीकरण मोडले. नद्यांकडे पाहण्याची दृष्टीही त्याबरोबर बदलली. आग्रा येथे काम करणारे अर्नेस्ट हॅनबरी हॅन्किन यांनी १८९६ मध्ये, गंगा आणि यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि उकळलेल्या पाण्यात हा गुण राहत नाही, असे पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात मांडले. जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंच्या शोधाची ही पूर्वसूचना होती, असे पुढे अनेकांनी मानले. त्यावर मतभेदही आहेत. वायव्य प्रांताच्या या रसायनपरीक्षकाने नदीचे पाणी बाटलीत घेऊन त्यात जंतू किती काळ तगतात हे मोजले, ही गोष्ट येथे अधिक महत्त्वाची आहे. १९१२ मध्ये विल्यम वेस्ली क्लेमेशा यांचा उष्ण कटिबंधातील भूपृष्ठजलाच्या जिवाणूशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या थंड हवेत बसवलेल्या कसोट्या भारतातील उन्हात तापणाऱ्या नद्यांना जशाच्या तशा लावता येणार नाहीत, हा त्यातील युक्तिवादाचा गाभा होता.

क्लेमेशांच्या आक्षेपाला मर्यादा होती. कोणते जिवाणू मोजावेत याविषयी तो होता. जिवाणू मोजून भागते का, हा प्रश्न त्यांच्या काळी विचारणे शक्यच नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर कोलिफॉर्म वर्गातील जिवाणू ही जलपरीक्षणाची मुख्य खूण ठरली होती. माणसाच्या आतड्यात राहणारे हे जंतू पाण्यात नसतील तर मैल्याचा उपद्रव टळला, असे त्यावरून अनुमान केले जाई. सामान्य परिस्थितीत ते खरेही ठरे. मात्र मैलापाण्यात अमोनिया आणि सेंद्रिय द्रव्ये विपुल असतात आणि क्लोरीन प्रथम त्यांच्याशी संयोग पावतो. मात्रा वाढवली तरी वाढवलेल्यातील पुष्कळसा भाग अशा संयुक्त रूपात अडकून राहतो. संयुक्त क्लोरीन आतड्यातील जिवाणूंना पुरतो, विषाणूंना सहसा पुरत नाही; त्यांच्यासाठी मुक्त क्लोरीन, निवळ पाणी आणि पुरेसा संपर्ककाळ या तिन्ही गोष्टी लागतात. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या केंद्राने नेमक्या त्याच गोष्टींची खात्री केली ज्यांची खात्री करायला ते शिकले होते.

साथीचा सविस्तर अभ्यास डॉ. आर. विश्वनाथन यांनी केला आणि तो १९५७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल छातीरोग संस्थेचे हे संस्थापक-संचालक. फुप्फुसांच्या तज्ज्ञाने नदीमुळे आलेल्या यकृतरोगाचा आदर्श अभ्यास सिद्ध करावा, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. रुग्णसंख्येचा आलेख एकदाच उंच चढतो आणि उतरतो, दुसरी लाट जवळजवळ येत नाही. यावरून सर्वांना विष एकाच वेळी, एकाच मार्गाने मिळाले हे उघड होते. दूषणाचा आठवडा आणि आलेखाचे शिखर यांत सुमारे सहा आठवड्यांचे अंतर होते. रुग्णांत तरुण व प्रौढ अधिक, बालके कमी. गर्भवती स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे अधिक होते. हा शेवटचा तपशील त्या वेळी नोंदला गेला, पण त्याचा उलगडा झाला नाही.

उलगडा होण्यास पंचवीस वर्षे लागली. तोवर दिल्लीची साथ ही ‘अ’ प्रकारच्या यकृतदाहाची, पाण्यातून पसरलेली साथ म्हणून जगभर उदाहरणादाखल दिली जात होती. ‘अ’ विषाणू १९७३ मध्ये प्रत्यक्ष ओळखला गेला आणि त्याच्या रक्तचाचण्या उपलब्ध झाल्या, तेव्हा जपून ठेवलेले दिल्लीचे रक्तद्रव पुन्हा तपासता आले. अमेरिकेतील वाँग आणि पर्सेल आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील श्रीनिवासन, प्रसाद व खोर्शेद पावरी यांनी १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडला: हा रोग ‘अ’ही नव्हे, ‘ब’ही नव्हे. त्याच वर्षी काश्मीरमधील १९७८ च्या साथीवरून मोहम्मद सुलतान खुरू स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले. १९८३ मध्ये मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून विषाणू दाखवून दिला. १९९० मध्ये त्याची जनुकीय रचना हाती आली आणि त्याला ‘ई’ हे नाव मिळाले. गर्भवतींना तो विशेष घातक असतो. बहुतेक भारतीय प्रौढांना ‘अ’ विषाणू बालपणीच होऊन गेलेला असतो, ही गोष्ट ध्यानात घेतली असती तर प्रौढांत एवढी मोठी साथ पाहून शंका आधीच यायला हवी होती.

प्रशासनाने दोन दिशांनी उत्तर दिले. वजिराबादला १९५९ मध्ये बॅरेज उभे राहिले. त्यामुळे उपशाचे पाणी वरच्या अंगाला अडले आणि नाल्याचे मुख खाली राहिले. १९५८ मध्ये नागपूरला केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. पाणीपुरवठा आणि मैलापाणी हे तिचे आरंभीचे विषय. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. मानकांचा प्रवास अधिक संथ होता. १९९१ च्या भारतीय मानकात नेहमीसाठी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन सांगितला आहे आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. विषाणूंची खूण म्हणून ‘एमएस-२’ हा जिवाणूभक्षक विषाणू एक लिटर पाण्यात आढळू नये, ही अट २०१२ च्या आवृत्तीत आली.

दरम्यान १९९१ मध्ये कानपुरात सुमारे ७९,००० लोकांना याच ‘ई’ विषाणूची बाधा झाली. तेथेही पाणी नदीचे होते आणि तेथेही गंगेची धार शहराच्या तीरापासून दूर सरकत असे. पुढे बॅरेज बांधावे लागले ते त्यासाठीच. सिंचन खात्याने नदीची पातळी आणि प्रवाह मोजावा, आरोग्य खात्याने बाटलीतले पाणी तपासावे, अशी कामाची वाटणी भारतात दीर्घकाळ रूढ राहिली. पात्र सरकल्याने बाटलीतले पाणी बदलते, ही नोंद या वाटणीत कोणाच्याच वहीत बसत नव्हती.

वजिराबादचा प्रश्न बॅरेजनंतर खालून वर सरकला. अलीकडील हिवाळ्यांत वरच्या अंगाने, हरियाणातील औद्योगिक आणि नागरी सांडपाण्यातून येणारा अमोनिया तेथे वारंवार वाढतो. तो लिटरला एका मिलिग्रॅमच्या आसपास गेला की क्लोरीनचा हिशेब बिघडू लागतो. अशा दिवशी वजिराबाद आणि चंद्रावळ येथील केंद्रांचे उत्पादन कमी करावे लागते आणि शहराच्या काही भागांत नळ कोरडे राहतात. नोव्हेंबर १९५५ मध्ये नळ चालू राहिले होते.