चीज पुरवून खाण्याचा इतिहास

बेक्ड मॅकरोनी स्वस्तात होते ती मॅकरोनी स्वस्त असते म्हणून, असा आपला सर्वसाधारण समज. पण यातली खरी महाग वस्तू म्हणजे चीज, आणि ते चार-पाच माणसांत पुरवण्याचं काम करतो तो मैद्याचा पांढरा सॉस. भांडंभर पदार्थ घराला परवडतो तो या सॉसच्या जिवावर. म्हणून बेक्ड मॅकरोनीचा मागोवा घ्यायचा तर चीजच्या आणि सॉसच्या मागे जायला हवं.

सुरुवातीला पुरवापुरवीचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यात १३९०च्या सुमारास पाककृतींचा एक संग्रह तयार झाला, ‘द फोर्म ऑफ क्युरी’. पातळ लाटलेल्या पिठाचे तुकडे करायचे, उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि खाली-वर किसलेलं चीज व लोणी पसरायचं, अशी त्यातली कृती आहे. दूध नाही, सॉस नाही, भट्टीसुद्धा नाही. राजाच्या घरी चीज हात राखून कोण घालणार?

पिठाचा शिरकाव दिसतो तो १७६९ मध्ये. त्या वर्षी एलिझाबेथ राफाल्ड या मँचेस्टरच्या बाईंचं ‘दि एक्सपिरियन्स्ड इंग्लिश हाउसकीपर’ हे पुस्तक आलं. बाई आधी एका मोठ्या वाड्याच्या घरव्यवस्थापक होत्या, नंतर त्यांनी शहरात दुकान टाकलं. त्यांची कृती अगदी मोजूनमापून आहे. चार औंस, म्हणजे साधारण ११० ग्रॅम मॅकरोनी मऊ शिजवून चाळणीत निथळत ठेवायची. मग ती पसरट भांड्यात घ्यायची, त्यात छोटी वाटीभर साय आणि पिठात घोळवलेला लोण्याचा गोळा घालायचा आणि पाच मिनिटं उकळायची. ताटलीत ओतून वर भाजलेलं पार्मेझान पसरायचं. ताटली गरम पाण्यावर ठेवून वाढा, कारण हे लवकर निवतं, अशी सूचनाही त्या देतात. निवलेली मॅकरोनी ज्यानं खाल्ली आहे त्याला ही बाई स्वयंपाकघरात उभी राहून लिहीत होती हे लगेच पटेल.

तो पिठात घोळवलेला लोण्याचा गोळा महत्त्वाचा. नुसतं चीज जास्त तापलं की फाटतं. तूप सुटून वेगळं होतं आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. दुधात शिजलेलं पीठ हे होऊ देत नाही. शिवाय दाटपणा पिठानं आणलेला असतो, त्यामुळे चीज निव्वळ चवीपुरतं घातलं तरी भागतं. राफाल्डबाईंच्या गिऱ्हाइकांना पैशाची ओढ नव्हती, पण काटकसरीची किल्ली त्यांच्या कृतीत येऊन पडली होती.

अमेरिकेत या पदार्थाचं श्रेय थॉमस जेफरसनला द्यायची पद्धत आहे. खरं तर चुलीपाशी होता जेम्स हेमिंग्ज. हा जेफरसनचा गुलाम. १७८४ मध्ये जेफरसननं त्याला पॅरिसला नेलं ते फ्रेंच स्वयंपाक शिकवून घ्यायला. पुढे १७९६ मध्ये त्याला मुक्तता मिळाली, तीही आपल्या भावाला सगळं शिकवून ठेवण्याच्या अटीवर. जाताना त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी आजही जपून ठेवलेली आहे. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना, १८०२ मध्ये, मनासा कटलर नावाचे एक लोकप्रतिनिधी त्याच्याकडे जेवले. मॅकरोनीचा ‘पाय’ (pie) समोर आला तेव्हा त्यांना तो कांद्याचाच काही प्रकार वाटला, आणि आवडला तर मुळीच नाही. म्हणजे अजूनही ही बड्या घरची, परकी चीज होती.

ती खाली उतरली ती कारखान्यांमुळे. १८५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जेसी विल्यम्सनं आसपासच्या शेतांचं दूध एका जागी आणून चीजचा कारखाना काढला. १९१६ मध्ये जेम्स क्राफ्टनं प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं. हे चीज टिकतं आणि तापवलं तरी फाटत नाही. त्याच सुमारास, १९१५ मध्ये, पायरेक्सची काचेची भांडी बाजारात आली. त्यामागची गोष्ट मजेची आहे. कॉर्निंग कंपनीतले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचं कापलेलं बूड घरी नेलं आणि त्यांच्या पत्नीनं, बेसी यांनी, त्यात केक भाजून दाखवला. ज्यात भाजायचं त्यातच वाढायचं ही सोय तिथून घरोघर गेली.

मग मंदीचा काळ आला. १९३४ मध्ये कॅम्पबेलचं ‘क्रीम ऑफ मशरूम’ हे डबाबंद सूप निघालं, आणि पांढरा सॉस ढवळत बसण्याऐवजी अमेरिकन गृहिणी डबा फोडून नूडल्सवर ओतू लागल्या. १९३७ मध्ये क्राफ्ट डिनर आलं: १९ सेंटांत चौघांचं जेवण. युद्धात रेशनिंग सुरू झालं तेव्हा एका कुपनावर दोन खोकी मिळत. तिकडे ब्रिटनमध्ये १९४१ साली चीज माणशी आठवड्याला एक औंसावर, म्हणजे २८ ग्रॅमवर आलं होतं. राजवाड्यातल्या पदार्थानं पार तळ गाठला.

आपल्याकडे याला चालना दिली ती अमूलनं. १९६०च्या सुमारास आणंदला म्हशीच्या दुधापासून मोठ्या प्रमाणावर चीज बनू लागलं आणि त्याचे गोल डबे मुंबई-पुण्याच्या दुकानांत दिसायला लागले. त्याला जोड मिळाली झाकणात काच असलेल्या ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनची. वाढदिवसाला पाहुणे आले की बेक्ड डिश, हे समीकरण तेव्हाचं. डब्यातला अननस घातलेली मॅकरोनी हॉटेलांच्या मेनूकार्डावरून घरी आली. काहींना ती आजही हवीच असते, मला नको. पण एक गोष्ट त्या पिढीला बरोबर कळली होती. चीजचा डबा महाग होता, त्यामुळे चीज वर किसून टाकायचं आणि आत सॉस सढळ ठेवायचा.

आता रील्समधून उलट वारं आलं आहे. मोझरेलाची अख्खी पिशवी ओतायची आणि तार ताणून दाखवायची. त्यात पैसे जातात आणि ताट निवलं की चामडं होतं. पाच माणसांना पाव किलो मॅकरोनी, दोन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा, पाऊण लिटर दूध आणि साध्या चीजचे चार क्यूब पुरतात. मैदा लोण्यात कच्चा वास जाईपर्यंत परता, पण रंग बदलू देऊ नका. मॅकरोनी एक कणी कच्ची ठेवा. सॉस थोडा पातळच करा, कारण ओव्हनमध्ये ती तो पिऊन घेते. उरलेला दुधी, मटार, गाजर, फ्लॉवर काहीही चालतं. वर चीजमध्ये शिळ्या पावाचा चुरा मिसळून टाका. खमंगपणा तोच आणतो. मोझरेला पिझ्झासाठी ठेवा.