मेखला आणि गणवेश

काशीच्या पंचगंगा घाटामागील गल्ल्यांतून महाराष्ट्रीय वैदिकांची घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. तेथील बटूचे धोतर-उपरणे पाहिले म्हणजे वाटते, विद्यार्थ्याचा ठराविक वेष ही काही इंग्रजांची देणगी नव्हे. मनुस्मृतीने तो बारकाईने सांगितला आहे. मात्र तो सर्वांस एक नाही. ब्राह्मणाची मेखला मुंजगवताची, क्षत्रियाची मूर्वेची, वैश्याची तागाची. शूद्राला तर ती नाहीच. आजचा गणवेश भेद झाकण्यासाठी आहे, तो वेष भेद दाखविण्यासाठी होता. हे विसरून त्याचे गोडवे गाणे बरे नव्हे.

तरी त्या विधीतील एक गोष्ट मला मोलाची वाटते. बटूने पहिली भिक्षा मागावी ती आईकडे, बहिणीकडे किंवा मावशीकडे. जी नाही म्हणणार नाही तिच्याकडे. मुलाच्या शिक्षणाला घराची संमती अशी उघडपणे घेतली जाई.

आता हा व्यवहार बँकेतून होतो. उत्तर प्रदेशातील परिषदीय शाळांचे गणवेश पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती घेई. २०२१ पासून गणवेश, स्वेटर, बूट व दप्तर यांसाठी ११०० रुपये, पुढे १२००, थेट पालकांच्या खात्यात जाऊ लागले. महाराष्ट्राने २०२४-२५ साली शासनामार्फत एकच गणवेश शिवून देण्याचे ठरविले आणि पुढील वर्षापासून ते काम पुन्हा शाळा समितीकडे सोपविले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पण बैठकीच्या दिवशी मजुरी बुडणार असेल, तर आई येणार कशी? मग मूल गणवेशाविना का आले, हे गुरुजी मुलालाच विचारतात.