लिंबू, साबण आणि हळद: घरच्या घरी ओळखा राजुऱ्याचा दगड आणि पाणी

बोअरचं पाणी उकळलं की भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. राजुरा परिसरातल्या अनेक घरांत हा थर रोज घासून काढावा लागतो. तो येतो कुठून? याचं उत्तर मुलांना स्वयंपाकघरातच शोधता येतं.

घरातल्या साध्या वस्तूंमधून विज्ञान शिकवण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून खेळणी बनवली. पुण्यातल्या आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपले तीन प्रयोग पाहू.

प्रयोग १: हळदीचा कागद

काय लागेल? हळद, पाणी, पांढरा कागद, लिंबू, अंगाचा साबण.

कसं कराल? हळदीची पातळ पेस्ट कागदाला लावून वाळवा. एका टोकाला साबणाचं पाणी लावा. तो भाग लालसर होईल. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल.

असं का? हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य अल्कलीत लाल होतं आणि आम्लात पिवळं राहतं. म्हणजे साबण अल्कली, लिंबू आम्ल. वरणाचा डाग पडलेला शर्ट साबण लावताच लाल का होतो, तेही यावरून कळतं.

प्रयोग २: दगडावर लिंबू

काय लागेल? परिसरातले दोन-तीन वेगवेगळे दगड, अंड्याचं कवच, लिंबू किंवा व्हिनेगर.

कसं कराल? दगड धुवा, खिळ्याने ओरखडा काढा आणि निघालेल्या भुकटीवर लिंबाचे थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे. काळ्या बेसॉल्टवर सहसा काही होणार नाही. अंड्याच्या कवचावरही बुडबुडे येतील.

असं का? चुनखडी आणि अंड्याचं कवच दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. आम्ल लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. राजुरा-कोरपना पट्ट्यात चुनखडीचे मोठे साठे आहेत, म्हणूनच गडचांदूर आणि आवारपूरला सिमेंट कारखाने आले.

आता भांड्यातला तो पांढरा थर थोडा खरवडून त्यावर लिंबू टाका. इथेही बुडबुडे! जमिनीतून झिरपताना पाण्यात विरघळलेली चुनखडीच पाणी उकळल्यावर तळाशी बसते.

प्रयोग ३: फेसाची शर्यत

काय लागेल? झाकणाच्या तीन सारख्या बाटल्या, बोअरचं, नळाचं आणि पावसाचं पाणी, अंगाच्या साबणाचा कीस.

कसं कराल? साबणाचा कीस कोमट पाण्यात विरघळवून घ्या. प्रत्येक बाटलीत अर्धा ग्लास पाणी घ्या, त्यात या द्रावणाचे दहा थेंब टाका आणि वीस वेळा हलवा. कुठे फेस टिकतो आणि कुठे दह्यासारखा साका होतो, ते वहीत लिहा. फेस अर्धा मिनिट टिकेपर्यंत थेंब वाढवत जा. ज्या बाटलीला जास्त थेंब लागतील, ते पाणी जास्त जड.

असं का? पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून साका बनवतं, त्यामुळे फेसासाठी साबण उरत नाही. भांडी घासायचं लिक्विड वापरू नका. ते जड पाण्यातही फेस देतं, त्यामुळे फरक दिसणार नाही.

फेस आला म्हणजे पाणी चांगलं?

नाही. ही गोष्ट मुलांना नक्की सांगा. साबणाने फक्त पाण्याचा जडपणा कळतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळतं. त्याला रंग, वास, चव काही नसतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, हाडं आणि सांधे दुखावतात. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. त्याची तपासणी प्रयोगशाळेत होते. गावातल्या पाण्याचा नमुना तपासायला पाठवण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे करा.

काळजी काय घ्याल?

पाणी मोठ्यांनीच उकळावं. पानाचा चुना प्रयोगाला देऊ नका, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. प्रयोगाचं पाणी पिऊ नका. आणि उत्तर आधी सांगू नका, कुठे जास्त फेस येईल याचा अंदाज मुलांना बांधू द्या.